दोन शेकोट्या, एक चिमणी

माझ्या लेकीच्या लग्नाची बोलणी एका विलायती चिमणीने बिघडवली, आणि ती बांधणाऱ्या पाद्रीबाबाला मी अजून माफ केलेलं नाही.

पाद्रीबाबा जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली असतील. दापोडीतला त्याचा दगडी बंगला मी घेतला तो विकणाऱ्याला घाम फोडून! टोकदार कमानींच्या खिडक्या, रंगीत काचा, घसरगुंडीसारखं छप्पर. दिवाणखान्याच्या भिंतीत एक शेकोटी, तिच्या पाठीला पाठ लावून स्वयंपाकघरात दुसरी, आणि दोघींत मिळून चिमणी एकच. (ही काटकसर मला तेव्हा फार आवडली होती!)

चाकणकडचे पाहुणे आले. मुलगा सोन्यासारखा, लेकीला मनापासून पसंत. अडलं एकाच गोष्टीवर : लग्नाचा खर्च कुणी करायचा? "चहाचं बघून येतो," म्हणत मी स्वयंपाकघरात गेलो. बायको शेकोटीला कान लावून उभी!

"अहो, ऐका तरी..."

"तू गप! सौदा मला शिकवू नकोस. मी निम्म्या खर्चावर अडून बसणार. तेही अडले, तर सगळा आपला. पोरगा हातचा घालवायचा नाही! आणि तो म्हातारा बघितलास? दुष्काळातून आल्यासारखा बिस्किटांवर तुटून पडलाय!"

"अहो, हळू..."

"माझ्या घरात मी हळू का बोलू?"

बाहेर येऊन मी छाती काढून बसलो. "निम्मा खर्च! वर एक पैसा नाही!"

मुलाच्या वडिलांनी हातातलं बिस्कीट बशीत परत ठेवलं. "आन् आमी अडलो तर?"

"तर... तर काय?"

"तर सगळा तुमचा. तुमीच म्हणालात न्हवं?" त्यांनी शेकोटीकडे बोट केलं. "लई खणखणीत आवाज येतो, राव. देवळाच्या भोंग्यावानी!"

दाराशी येऊन उभ्या लेकीने तोंडात ओढणी कोंबली. मी लालबुंद. "ही चिमणी आहे की पोपट?"

"बिस्किटं सोडतो आमी," म्हातारा म्हणाला, "खर्च न्हाई सोडत."

लग्न ठरलं. खर्च सगळा माझा!

पाहुणे जाताच मी बायकोवर उखडलो. "तू तिथं कान लावून काय करत होतीस?"

"तेच तर सांगत होते! ते आपसात म्हणत होते, पोरगी गुणाची हाय, सगळा खर्च आपणच करू."

मी मटकन खाली बसलो. "असलं घर कुणी बांधतं का गं?"

"पाद्री होता तो. लोकांचं ऐकून घ्यायचं हेच त्याचं काम. त्याने घर बांधलं ऐकणाऱ्यासाठी, आणि राहायला आलात तुम्ही!"