बयच्या उखाण्यातलं नाव

चैत्रातल्या एका दुपारी माझ्या पणजीनं नवऱ्याचं नाव घेतलं आणि आमचं घर ढवळून निघालं.

नाव चुकीच्या नवऱ्याचं होतं.

बय परवा गेली. नव्वदी पार केली होती. घरातले सगळेच तिला बय म्हणायचे. ही रडायची पोस्ट नाही. जे झालं ते लिहितोय.

माघात तिला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं.

माणसं ओळखायची. 'डोळे मीट' म्हटलं की मिटायची. तांब्याकडे बोट दाखवायची, पण 'पाणी' हा शब्द काही केल्या तोंडात यायचा नाही. 'त... त...' करायची आणि चिडून मान फिरवायची.

मी तेव्हा घरीच होतो. इंजिनिअरिंग मध्येच सोडलं होतं. कारण सायली. तिचं लग्न ठरलं आणि मला वर्गात बसवेना.

त्यामुळे बयजवळ बसायला रिकामा माणूस मीच.

आमच्या तळेगावच्या फ्लॅटवर स्पीच थेरपीच्या एक मॅडम यायच्या. म्हणाल्या, "पाठ झालेलं आणि रोजचं बोलणं मेंदू एकाच जागी ठेवत नाही. एक गेलं तरी दुसरं कधीकधी उरतं. त्याच वाटेनं बाकीचे शब्द परत आणून बघायचे."

मग त्यांनी बयचा डावा हात धरला आणि गादीवर ठेक्यात आपटायला लागल्या.
धप. धप. धप.

बरेच दिवस काही नाही.

मग त्या दुपारी बयनं स्वतःच हात उचलला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"खंडाळ्याच्या घाटात गाडीला दोन इंजनं,
शिरपतरावांचं नाव घेते, गप ऱ्हावा समदी जणं!"

मी उडालोच. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, "अगंबाई, लाजल्या बघा!"

आबा मात्र होते तिथेच उभे राहिले. आबा म्हणजे माझे आजोबा, बयचा मुलगा.

त्यांच्या वडिलांचं नाव धोंडिबा.

शिरपत हा बयचा पहिला नवरा. स्वातंत्र्याच्या आधी, दुसरं महायुद्ध चालू असताना, देहूरोडच्या मिलिटरी डेपोत हमालीला होता. लग्नानंतर दुसऱ्याच पावसाळ्यात तापानं गेला. पुढे बयचा धोंडिबांशी पाट लावला, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. घरात सगळ्यांना माहीत होतं. बोलत कोणी नव्हतं.

"जलमभर माज्या बासंगं नांदली," आबा म्हणाले, "आन त्याचं नाव न्हाई आलं तोंडात?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना फोन करून सांगितलं, येऊ नका. बयनं हात उचलला की ते तो धरून खाली ठेवायचे.

मी भडकलो.

"आबा, तिला बोलायला तेवढा एकच रस्ता उरलाय. तोही बंद करताय?"

"एका पोरीपायी कालेज सोडलंस. तू मला रस्तं दावनार?"

मी हातातला स्टीलचा ग्लास भिंतीवर मारला. पोचा अजून आहे.

बयनं हात उचलणं सोडलं. 'डोळे मीट' म्हटलं तरी नुसती बघत राहायची. मॅडम फोनवर म्हणाल्या, "असंच चाललं तर उरलंसुरलंही जाईल."

आबा ऐकतील असं एकच माणूस राहिलं होतं. बयची धाकटी बहीण, सोनामावशी. पवनानगरला जाऊन तिला जीपमध्ये बसवून घेऊन आलो.

मावशीनं चप्पल काढायच्या आत आबांना धरलं.

"आरं येड्या, त्यो उखाना तिच्या डोस्क्यात कसा बसला, म्हायती हाय का? लगीन ठरलं, आन हिला दोन वळी पाठ व्हईनात. मंग आमच्या आयनं हातात मुसळ दिलं. भात कांडायचा, आन येका घावाला येक शबुद. हात सोलपाटलं पोरीचं. सासरच्या बाया उंबऱ्यात अडवायच्या, नाव घेतल्याबिगर आत सोडायच्या न्हाईत."

"मंग माज्या बाचा उखाना कुटंय?"

"पाटाला कोन उखाना इचारतंय रं? वाजाप न्हाई, वरात न्हाई. च्यार मानसं बसली, झालं. नाव घे म्हनायला हुतं कोन तितं? आन नंतर घरात नवऱ्याचं नाव घ्यायची सोय हुती व्हय? तू झाल्याव 'पोराचा बा' म्हनली, तेवडंच. जे कदी तोंडातनं निगालंच न्हाई, ते आता कुटनं निगंल?"

आबांच्या पुढ्यातला चहा निवून गेला.

मला सायली आठवली. सगळं कॉलेजभर मी तिला 'ए, ऐक ना' एवढंच म्हणत आलो. नाव फक्त मनातल्या मनात. ते मेंदूत कुठे जाऊन बसलं असेल, मॅडमना विचारायचं राहिलं.

आबांनीच फोन केला आणि मॅडम परत यायला लागल्या. घाटातली गाडी म्हणून झाली की त्याच ठेक्यावर एकेक शब्द. 'पा-णी' आलं. मग 'नको'. मग 'सोना'.

एवढेच. नंतर दुसरा झटका आला.

परवा सकाळी श्वास बिघडला. डॉक्टर म्हणाले, आता घरीच असू द्या.

मी खोलीत गेलो तर आबा गादीवर बसलेले. तिचा डावा हात त्यांच्या हातात. ठेका धरून हळूहळू सांगत होते.

"धोंडिबारावांचं नाव घेते... म्हन बय. येकदा म्हन."

बयचे ओठ हलले.

"शिर... पत..."

मला वाटलं, आता हात खाली ठेवतील.

आबांनी ठेका सोडला नाही.

"बरं," ते म्हणाले, "शिरपतरावांचं. म्हन. म्होरं काय? गप ऱ्हावा..."

"समदी... जणं," बय म्हणाली.

"पुना म्हन."

"येतो बय," मी म्हटलं. बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.