दिलेल्या लेकीला सुतक नाही

माझा धंदा उभा राहिला तो आमचे एक चुलत आजोबा मेले म्हणून. ऐकायला बरं वाटत नाही, पण आहे ते आहे. म्हातारा जन्मभर कुणाच्या कामी आला नाही. देवळापुढच्या पारावर बसायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायचा आणि चहा दुसऱ्याचा प्यायचा. मेला तोही गणपती तोंडावर आलेले असताना. माझं मात्र भलं करून गेला, म्हणून मी दरवर्षी त्याच्या फोटोला हार घालते. त्याच्या सुना घालत नाहीत.

माझं माहेर अलिबागच्या आतल्या अंगाला, भातशेतीचं गाव. बाबा नळाची कामं करायचा, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. शाळा सुटली की मी त्याच्याबरोबर. पाइप धरायचा, आटे पाडायचे, वेळ पडली तर कमरेला दोर बांधून विहिरीत उतरायचं. धाकट्या भावाला नुसतं विहिरीत डोकावलं तरी गरगरायचं. पण बाबाचं पालुपद ठरलेलं. "शिकून काय करशील बाय? तू दिलेली लेक." अजून कुणी मागितलीसुद्धा नव्हती, तेव्हापासून मी दिलेली!

पुढे खरंच दिली, खाडीच्या पलीकडे दिघीला. नवरा तिथल्या जेट्टीवर फेरीबोटीत गाड्या चढवतो. दिवसभर हात हलवून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचं, हा त्याचा पेशा. स्वभावही तसाच आहे, काहीही येवो, याचा हात हलतच असतो. त्याच्याशी भांडणसुद्धा धड होत नाही.

इकडे भावाने मुंबईच्या एका कंपनीची फ्रँचायझी घेतली. म्हणजे काम तेच, गळक्या नळाचं, पण अंगात निळा टी-शर्ट, दारात गेल्यावर बुटांवर चढवायच्या प्लास्टिकच्या पिशव्या, आणि पाठ केलेलं एक वाक्य, "नमस्कार, आपल्या घरातलं पाणी ही आमची जबाबदारी." आमची पोरं ते शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं म्हणायची, शेवटचा शब्द ओढून. मी तेव्हा भावाला म्हटलं होतं, मलाही घे, दिघी ते श्रीवर्धनचा पट्टा मी बघते. त्याच्या आधी बाबाच बोलला. "दिलेल्या लेकीला माहेरात ताट-पाट, धंद्यात वाटा न्हाय." मी ताटावरून उठले आणि पुढची एसटी पकडून घरी आले. राग आला म्हणजे काय, डोकं तापलं होतं. कितीतरी दिवस मी माहेरी फोन केला नाही.

भावाने कामाला सगळी माणसं भावकीतलीच घेतली. बाहेरचा एक जरी घेतला असता तरी काका-चुलत्यांनी भावाला लग्नाच्या पंगतीत बसू दिलं नसतं. त्यामुळे झालं काय, की चुलत आजोबांनी डोळे मिटले आणि अख्ख्या कंपनीला एका झटक्यात सुतक लागलं. मालक सुतकात, प्लंबर सुतकात, फोन उचलणारी वहिनीसुद्धा सुतकात. दोन दिवसांवर गणपती. आमच्याकडे सुतकातल्या माणसाला मखराच्या घरात कोण घेणार? आणि अलिबागेत त्या आठवड्यात मखर नाही असं घर शोधून दाखवा.

तरी गुपचूप निभावलं असतं. पण भावाला हौस दांडगी. त्याने नाक्यावर मोठा बॅनर लावला. वर म्हाताऱ्याचा फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली, खाली 'शोकाकुल' म्हणून सगळ्या प्लंबरांचे फोटो, निळ्या टी-शर्टात. कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह आणि तक्रारीचा फोन नंबर. गावाला कळायचं काही बाकी राहिलं नाही.

मग त्याचा फोन आला. आवाज पडलेला.

"ताय, तुला सुतक न्हाय."

"मला कसं असेल? मी दिलेली लेक."

"उद्या कंपनीचा साहेब येतोय. एक जरी तक्रार पडून दिसली तर पुढचा करार न्हाय म्हणाला. कोर्टाजवळच्या आजींची मोटार पाणीच खेचत न्हाय. ये ना."

"येते. पण दिघी ते श्रीवर्धन माझ्या नावावर. बाबाच्या तोंडून ऐकायचंय मला."

त्याने ते तिथेच बाबाला विचारलं. मग लांबून बाबाचा आवाज आला, "सांग तिला, पाणी चढलं तर बघू." चढलं तर! बाबा हट्टाला पेटला की असाच बोलतो. मी पण त्याचीच लेक. भावाला कंपनीने नवी हत्यारं दिली तेव्हा बाबाची जुनी माझ्या वाट्याला आली होती, उशिराचं आंदण म्हणून. ती पिशवीत भरली, नवऱ्याला सोबत घेतलं आणि सकाळच्या पहिल्या बोटीने निघाले.

आजी दारातच उभ्या. "तू त्यांच्यातलीच ना गं?"

"माहेर त्यांच्यातलं. मी दिघीला दिलेली."

"मग ये. पण आत चपला नकोत."

मागोमाग कंपनीचा साहेब आला, हातात टॅबलेट. बिचारा वयाने लहानच. आल्या आल्या त्याने मला प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या. मी म्हटलं, साहेब, मी अनवाणी आहे, पिशव्या कशावर चढवू? त्याने टॅबलेटमध्ये बघितलं. तिथे अनवाणी प्लंबरची काही सोय नव्हती. मग आजींनी त्याचेच बूट काढायला लावले आणि त्याला हातपाय धुऊन यायला सांगितलं. नळाला पाणी नव्हतं, ते विहिरीतून बादलीने काढून दिलं.

मोटार चालू, पण टाकीत थेंब नाही. मला वाटलं, विहिरीतल्या पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह अडकला असेल. नवऱ्याला दोर धरायला लावला आणि पदर खोचून उतरले. वरून त्याचं चालू, "येऊ द्या, येऊ द्या, अजून थोडं, बास." व्हॉल्व्हला बदामाची कुजकी पानं होती, ती काढली. वर आले, मोटार लावली, तरी काही नाही. साहेब टॅबलेटवर काहीतरी लिहायला लागला. मला वाटलं, गेलं. करार गेला, पट्टा गेला, आणि बाबा आता मरेपर्यंत म्हणणार, बघा, मी सांगितलेलं.

मग बाबाचीच खोड आठवली. आजींकडून कपडे धुवायचा साबण मागितला, फेस केला आणि मोटारीकडे येणाऱ्या पाइपाला लावत गेले. मोटारीच्या अलीकडच्या जोडापाशी फेस आत ओढला गेला. तिथून हवा घेत होती सटवी. जोड खोलला. नवऱ्याकडे पाना मागितला, त्याने पक्कड दिली. पक्कड मागितली, त्याने पाना दिला. शेवटी आजींनीच पिशवी हातात घेतली. मी टेप गुंडाळली, जोड आवळला, मोटारीत तांब्याने पाणी भरलं आणि बटण दाबलं.

टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा आजींनी मखराकडे बघून हात जोडले. मला वाटलं, माझ्याकडे बघून जोडतील. पण असो, त्या मानाने चहा चांगला दिला.

साहेबाने विचारलं, "मॅडम, नोंदीत तुमचं नाव नाही, काय लिहू?" मी भावाला फोन लावला, मोठ्या आवाजावर. उचलला बाबाने. पाणी चढलं, म्हटलं. तो खाकरला आणि साहेबाला म्हणाला, "लिवा, मोठी लेक. दिघी ते श्रीवर्धन तीच बघनार हाय." करार भावाचाही राहिला. माझा वेगळा झाला.

आता माझ्याकडे माणसं आहेत ती दर गावची, दर जातीची, कुणी मशिदीजवळचा, कुणी कोळीवाड्यातला. एकाला सुतक लागलं तर दुसरा जातो. भावानेही आता तसंच केलंय, पंगतीचं बघून घेईन म्हणाला.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी बाबा आजारी पडला. मी भेटायला गेले तर खाटेवर पडून आढ्याकडे बघत होता.

"न्हाय मरत मी एवढ्यात," म्हणाला. "गणपती होऊ देत. बापाचं सुतक दिलेल्या लेकीलाही लागतं. तुझी कामं खोळंबतील."

"शिमगाही होऊ दे," मी म्हटलं. "तेव्हाही कामं असतात."

मग मागच्या पडवीत जाऊन रडले. तोंड धुवायला नळ सोडला, तर तो गळत होता. पिशवीतून पाना काढला आणि आवळला.