रसूलभाईंचा दुसरा समुद्र

मृगाचा तिसरा दिवस. वडूजमधल्या रसूलभाईंच्या बियाण्याच्या दुकानात आम्ही तिघे होतो: रसूलभाई, माझा बांधशेजारी बापू आणि मी. मी तीन एकरांसाठी सोयाबीनच्या तीन पिशव्या मागितल्या. पिशव्या समोर थप्पीला होत्या. रसूलभाईंनी एकही दिली नाही.

"हवालदार, यंदा बाजरीच न्या. सोयाबीनला शंभर दिवस लागत्यात. तेवढा दम ह्या पावसाला न्हाई."

लष्करात माझी नोकरी भांडारावर गेली. मोजल्याशिवाय मी काही मानत नाही. विचारलं, "कशावरून?"

त्यांनी भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर बोट ठेवलं. पेरू देशाच्या किनाऱ्यालगत लाल पेन्सिलीचा पट्टा होता. तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापलं की वाऱ्यांची घडी विस्कटते आणि आपल्याकडचा पाऊस बऱ्याचदा मोठी उघडीप देतो. आधीच आमचा तालुका डोंगराआडचा, कराडचा पाऊस आमच्यापर्यंत येईतो दमलेला. "समिंदर तिकडं तापतो, तोंड हितं सुकतं," हे भाईंचं ठरलेलं वाक्य. त्या पाण्याचं तापमान ते नातीकडून मोबाइलवर वाचून घेत. दुकानामागे त्यांचं स्वतःचं पर्जन्यमापक होतं. लय पाऊस झाला असं कुणी म्हणालं, की विचारत, "आभाळात का नळीत?"

एरवी ते "धातल्या सहा येळा असं हुतं" म्हणत, दहात चार वेळा चुकायची जागा ठेवत. त्या दिवशी ती ठेवली नाही.

बापू हसला. "भाई, गिऱ्हाईक परत लावणारा दुकानदार पयल्यांदाच बगितला." त्याने दुसऱ्या दिवशी कराडहून सोयाबीन आणलं. मी बाजरी पेरली.

ऑगस्टमध्ये बावीस दिवस थेंब नव्हता. बापूच्या सोयाबीनने माना टाकल्या, माझी बाजरी तग धरून होती. मी मनातून खूश होतो, खोटं कशाला सांगू? मग सप्टेंबरात, बाजरी कापणीला आली आणि पाऊस लागला. पाच दिवस हटला नाही. कणसं ताटावरच काळी पडली, दाण्यांना मोड आले. बापूच्या शेंगा मात्र टच्च भरल्या.

तो बांधावरून ओरडला, "हवालदार, पेरूचा समिंदर आटला का रं? हितं तर गुडघाभर पाणी हाय!"

सातव्या दिवशी रसूलभाई न बोलावता स्कूटरवरून आले. बाजरी पेरा असं त्यांनी अकरा जणांना सांगितलं होतं. अकराही जणांच्या शेतावर ते जाऊन आले. चिखलात उभं राहून त्यांनी एक कणीस तळहातावर चोळलं. हात काळा झाला.

"चुकलो गड्या. लांबचा समिंदर बगत बसलो, दाराम्होरचा बगितलाच न्हाई. आफ्रिकेच्या अंगाला आपल्याच दर्याचं पाणी तापलं हुतं. त्यानं सगळी वाफ हिकडं लोटली."

माझ्या बायकोने चहा पुढे केला आणि म्हणाली, "चहा घ्या भाई. पर आमच्या वर्साच्या भाकरीचं काय?"

भाईंनी मान खाली घालून चहा संपवला.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. मागेल ते बियाणं मुकाट्याने द्यायचे. मृग जवळ आला तसा बापूच वैतागला. "चुकूद्या की वो, पर बोला तरी! निस्तं बियाणं कराडलाबी मिळतं."

मी विचारलं, "भाई, यंदा काय?"

"मला इचारू नगा, हवालदार."

"तुमी नुस्तं सांगितलं. पेरलं मी. शेत माझं हुतं, भाई."

ते चष्मा पुसून म्हणाले, "दोनी समिंदर बगितल्यात. धातल्या सहा येळा पाऊस बरा. ऱ्हायलेल्या चारांचं काय करायचं, ते तुमी ठरवा."

त्या वर्षी मी दोन एकर सोयाबीन आणि एक एकर बाजरी पेरली. तेव्हापासून एकाच पिकावर सगळं रान टाकलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात भाई गेले. दोन्ही समुद्रांची खबर आता माझ्याच फोनवर येते, त्यांच्यापेक्षा नेमकी येते. तरी कधीतरी अंदाज चुकतो. तेव्हा मी शेतावर जातो, बांधावर उभा राहतो. स्कूटरवरून कुणी आलेलं नसतं.