एरंडोलच्या तंबूत आवाज गेला तेव्हा

जळगावहून धुळ्याला निघालो, तेव्हा एस.टी.त जागा मिळाली ती अगदी मागच्या बाकावर. शेजारी एक वृद्ध शिंपी होते, नाना. खिडकीशी त्यांची लेक सुमन. वर्षभर माहेरी राहिलेल्या लेकीला ते धुळ्याला सासरी पोचवायला निघाले होते. तिच्या मनगटावर भाजल्याचा डाग दिसला. माझी नजर तिकडे गेलेली पाहून नाना हळूच म्हणाले, "संसार म्हटला की सोसावं लागतं, भाऊ." सुमन बाहेर बघत राहिली.

केळीच्या बागा मागे पडल्या, कपाशी सुरू झाली आणि एरंडोलला गाडी बंद पडली ती पडलीच. "आता सकाळचीच गाडी," कंडक्टरनं सांगून टाकलं. धर्मशाळेत पथाऱ्या टाकल्या. जवळच्या खाणावळीत कळण्याची भाकरी (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली) आणि वांग्याचं भरीत खाल्लं. मिरचीनं माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, तेव्हा सुमन पहिल्यांदा हसली.

मैदानात सिनेमाचा तंबू लागला होता. वेळ जायचा म्हणून तिन्हीसांजेच्या खेळाला गेलो. सुमन कनातीपलीकडे, बायकांत बसली. नाना आत यायलाच तयार नव्हते. मूकपटांच्या काळात ते अशाच तंबूत पडद्याशेजारी उभे राहून लोकांना गोष्ट सांगत. "बोलपट आला आणि आमचं बोलणं बंद झालं," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी सिनेमा पाहिलाच नव्हता. मी हाताला धरून आत नेलं, तेव्हा कुठे माझ्याशेजारी बसले.

खेळ अर्धा झाला आणि यंत्राचा आवाज गेला. चित्रं हलत होती, ओठ हलत होते, शब्द नाही. शिट्ट्या झाल्या, मग पडद्यावर ढेकळं येऊ लागली. मालक हात जोडून विनवत होता. तेवढ्यात नाना उठले आणि पडद्यापाशी जाऊन सगळ्यांना खाली बसायची खूण करत खणखणीत अहिराणीत म्हणाले, "बठ्ठा बशी जा! मी सांगस."

तंबू शांत झाला. पडद्यावर घराबाहेर काढलेली सून होती, समोर सासू. सून खाली वाकली.

"देखा," नाना सांगू लागले, "सून सासूना पाय धरस. म्हनस, माय, माले माफ कर, माले घरमा ले..."

खर्रकन आवाज परतला. सून पायांवर वाकलीच नव्हती. जमिनीवरचं आपलं गाठोडं उचलत होती. ती म्हणाली, "मी या घरात पुन्हा येणार नाही."

 कनातीपलीकडे बायकांत कोणीतरी टाळी वाजवली, आणि दुसरी, तिसरी. नाना उभे होते तिथंच खाली बसले. धर्मशाळेत परतताना एवढंच म्हणाले, "आमच्या वेळी ती पाय धरायची. निदान मी तरी तसंच सांगायचो."

सकाळी धुळ्याची गाडी लागली. मी चढलो. नाना खालीच थांबून लेकीला विचारत होते, "तुले जानं शे का?"

तिनं गाडीच्या दांड्यावरचा हात काढला. मग म्हणाली, "नही, नाना."

"मंग घर चाल."

गाडी सुटली तेव्हा ती दोघं रस्ता ओलांडून जळगावकडच्या बाजूला उभी होती.

धुळ्यातलं काम उरकून चार दिवसांनी घरी परतलो. सिनेमानं लोक बिघडतात, असं आमच्या आळीत आजही तावातावानं बोललं जातं. मी त्या वादात पडत नाही. एका माणसानं वर्षानुवर्षं पडद्यावरच्या बायकांच्या तोंडी आपलीच वाक्यं घातली, आणि एका संध्याकाळी त्याला त्यांचं स्वतःचं वाक्य ऐकू आलं, एवढं मात्र मी पाहिलं आहे.