आठवी ‘ब’ची खिडकी

सैंदाणे सर गेले त्याला आता दीड महिना होईल. बातमी मला आठवी ‘ब’च्या वर्गात कळली. भूगोलाचा तास चालू होता. शिपाई दारात आला आणि मुख्याध्यापकांचा निरोप मोठ्याने सांगून मोकळा झाला, ‘‘माजी आमदार वारले. शाळा सोडायची आहे.’’ झालं! पोरांनी असा गलका केला की विचारू नका. दप्तरं भरली, बाकं ढकलली आणि बघता बघता वर्ग रिकामा. पोरांवर राग काढून काय उपयोग? गेलेला माणूस ह्याच वर्गात, ह्याच फळ्यासमोर वर्षानुवर्षं उभा होता हे त्यांना कुठे ठाऊक? पण शिपायाला ठाऊक होतं, मुख्याध्यापकांना ठाऊक होतं. ‘आपले सैंदाणे सर गेले’ असं म्हणायला जीभ झिजली असती का? माजी आमदार म्हणे... मी तशीच खुर्चीत बसून राहिले.

मी मूळची भुसावळची. वडील रेल्वेत गँगमन, आणि आमच्या बौद्ध वस्तीतली बी.एड. झालेली मी पहिलीच मुलगी. नरडाण्याच्या अलीकडे असलेल्या ह्या हायस्कुलात नोकरी लागली तेव्हा वर्गाच्या दारापर्यंत जाऊन मी परत फिरायचे. सरांनी ते ओळखलं असावं. म्हणाले, ‘‘बाई, आधी थोडे दिवस माझ्या तासाला मागच्या बाकावर बसा.’’ बसले. सरांनी फळ्यावर महाराष्ट्राच्या नद्या काढल्या. गोदावरी पूर्वेला, भीमा पूर्वेला, कृष्णा पूर्वेला. मग तापी काढली आणि विचारलं, ‘‘ह्या सगळ्या तिकडे चालल्या, मग आपली तापीच अशी उलटी का निघाली?’’ एवढं बोलून खडू ठेवला, हात झटकले आणि वर्गाकडे पाठ करून खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्या खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसतात. सर रुळांकडे बघत उभे, वर्ग चिडीचूप. मलाच राहवेना, उत्तर अगदी ओठांवर आलं होतं! शेवटी एक पोरगा उठला, ‘‘सर, तिकडे सुरत शे!’’ सगळा वर्ग हसला. सर वळलेसुद्धा नाहीत. ‘‘नदी काय सुरतेला कामाला चालली का? विचार करा,’’ म्हणाले. तास संपला, उत्तर सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून, माझ्या शेजारूनच, सुनंदा नावाची मुलगी हळूच उठली. ‘‘सर, सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खचलेली असंल... अन् तो खड्डा तिकडे उतरता असंल.’’ सर वळले. ‘‘बरोबर. बस.’’ बस्स, एवढंच. शाबासकी नाही, काही नाही. पण ती पोरगी दिवसभर हवेत होती.

ही सुनंदा तिच्या गावाहून रोज चालत यायची. गावात सातवीपर्यंतच शाळा. तिच्याबरोबरच्या बाकी मुली सातवीनंतर घरी बसल्या होत्या, दोघींची तर लग्नंही लागली होती. सरांच्या डोक्यात तेव्हापासून एकच घोळत होतं, ह्या खेड्यांमध्ये दहावीपर्यंतची शाळा पाहिजे. अर्ज करण्यात, खेटे घालण्यात पाच-सहा वर्षं गेली. मग निवडणुका आल्या आणि पक्षाची माणसं सरांच्या दारात. नव्या, स्वच्छ चेहऱ्याचा, पोरांचा आवडता मास्तर त्यांना हवाच होता. सर आठवडाभर नाही म्हणत होते. मग एके दिवशी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आले. ‘‘बाई, एकच टर्म. बिनपगारी रजा टाकतो. शाळा मंजूर करून आणतो आणि परत येतो. तोवर माझी आठवी ‘ब’ तुमच्याकडे ठेव म्हणून.’’ मी म्हटलं, ‘‘सर, ठेव बुडवायचं आमच्या खानदानात नाही. तुम्ही मात्र परत या.’’ हसले. जुन्या विद्यार्थ्यांनी सायकलींवर गावोगाव प्रचार केला. सर निवडून आले. गुलालाची मिरवणूक झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी बघते तर सर वर्गावर हजर! कानांच्या मागे गुलाल तसाच. म्हणाले, रजा सोमवारपासून आहे, आज माझा तास आहे.

त्यानंतरचं काय सांगू... सरांच्या ओट्यावर पहाटेपासून माणसं. कुणाला बदली पाहिजे, कुणाला बदली रद्द पाहिजे, कुणाला दुसऱ्याची बदली पाहिजे. पार जामनेर, एरंडोलपासून लोक यायचे, ज्यांचा सरांच्या मतदारसंघाशी काडीचा संबंध नाही. मी कधी रविवारी गेले की वहिनी चुलीजवळ बसवून घ्यायच्या आणि धुमसायच्या, ‘‘बाई, बठ्ठा येतस, काम सांगतस अन् चालता व्हतस. हाऊ मानूस जेवना का नही, कोनी इचारत नही.’’ सर बाहेर सगळ्यांना सांगत असायचे, होईल, बघतो, करून टाकू. समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत उत्तर. मला ते ऐकवत नसे. एकदा मी बोललेच, ‘‘सर, तुम्ही आता थांबत नाही.’’ त्यांना वाटलं मी जेवायला थांबायचं म्हणतेय. ‘‘नाही बाई, धुळ्याला बैठक आहे,’’ म्हणत जीपमध्ये बसले.

शाळा मात्र आणली हो त्यांनी. सुनंदाच्या गावात हायस्कूल मंजूर झालं. पण कशी? विनाअनुदानित! आणि संस्था कुणाची, तर ज्यांच्या जीपा सरांच्या निवडणुकीत फिरल्या त्यांची. सरांना वाटलं होतं, आधी दार तर उघडू दे, अनुदान मागून आणता येईल. सुनंदा तोवर शिकून बी.एड. झाली होती. गावातल्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागली. पोरगी आनंदाने नाचायचीच बाकी होती. पगार? तो अनुदान आल्यावर. पहिली टर्म संपली, अनुदान आलं नाही. मी विचारलं, ‘‘सर, ठेव न्यायला कधी येताय?’’ म्हणाले, ‘‘पोरीला बिनपगारी राबवून मी वर्गावर कुठल्या तोंडाने येऊ? अजून एक टर्म. अनुदान घेतो आणि येतो.’’ दुसऱ्यांदाही निवडून आले. अधिवेशनामागून अधिवेशनं गेली. सभागृहात ते अनुदानावर बोलायला लागले की त्यांच्याच बाकावरची माणसं उठून चहाला जायची, हे त्यांनीच मला सांगितलं. तिसऱ्या खेपेला त्याच संस्थावाल्यांनी आपला पुतण्या उभा केला आणि सरांना पाडलं. चांगलं सपाटून पाडलं. निकालाच्या संध्याकाळी वहिनी रडत होत्या. आणि खोटं कशाला बोलू, मला आतून बरं वाटत होतं. आता आमचे सर परत येणार!

आले. जूनमध्ये रुजू झाले. पहिल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर आठवी ‘ब’पर्यंत गेले आणि जुनी जागा धरली, मागचा बाक. सरांनी नद्या काढल्या. रेघ अगदी तीच. तापी काढली, वर्गाकडे वळले आणि बोलायला लागले. आवाज चढला. ‘‘ही तापी आपली माय आहे! ह्या खान्देशच्या मातीला...’’ मधे थांबले नाहीत, विचारलं नाही काही. सातपुडा, खचलेली जमीन, पश्चिमेचा उतार, सगळं धो धो सांगून टाकलं, एक हात वर करून, सभेत करतात तसा. आणि बोलणं संपल्यावर... पोरांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, वाईट हेतूने नाही. पोरांना आवडलं होतं. सर मात्र पांढरेफटक पडले. खडू हातातच राहिला. मुलं बाहेर गेल्यावर म्हणाले, ‘‘बाई, मी प्रश्न विचारलाच नाही.’’ मी म्हटलं, ‘‘अहो, मोडलेली सवय आहे, येईल परत. उद्या या.’’ ‘‘वर्गात आलो तेव्हा ध्यानात होतं,’’ म्हणाले, ‘‘थांबायचंय, थांबायचंय... पण समोर माणसं गप्प बसली की आता मला भीती वाटते. वाटतं, उठून जातील.’’ दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. चार दिवसांनी राजीनामा आला. मी त्यांच्या घरी गेले, भांडले, अगदी अद्वातद्वा बोलले. सर ऐकून घेत होते. वहिनींनी चहा आणला तोही तसाच गार झाला.

पुढची वर्षं मला लिहायची नाहीत. ओटा रिकामा झाला. ज्यांच्या बदल्या केल्या ते रस्ता बदलून जायला लागले. आधी साखर निघाली, मग मूत्रपिंडं गेली. शेवटी धुळ्याच्या एका दवाखान्यात होते तेव्हा मी आणि सुनंदा भेटायला गेलो. सुनंदाच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. शाळेला अनुदान नव्हतंच, दुपारनंतर लोकांचे कपडे शिवून ती घर चालवत होती. जिन्यातच मला म्हणाली, ‘‘बाई, सरांना मी काही सांगणार नाही हं.’’ मीही मान डोलावली. आजारी माणसाला कशाला घोर? सर उशीला टेकून बसले होते. तिला बघून चेहरा उजळला. पहिलाच प्रश्न, ‘‘सुनंदा, पगार सुरू झाला का ग?’’ ती म्हणाली, ‘‘हो सर. झाला ना, मागेच.’’

सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान वळवली, खिडकीकडे. तिथे कसले रूळ? समोर भिंत होती. पण ते तसेच आमच्याकडून तोंड फिरवून राहिले.  इतक्या वर्षांनी त्यांना ते थांबणं जमलं होतं. खोलीत आवाज नाही. सुनंदा माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे.  शेवटी ती उठून उभी राहिली, लहानपणी राहायची तशी, हात पुढे बांधून. ‘‘नाही सर. नाही झाला.’’

सर वळले. ‘‘बरोबर,’’ म्हणाले. ‘‘बस.’’

त्यानंतर आठवड्याच्या आतच सर गेले.

शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. संस्थावाले, पुतण्या, सगळे झाडून आले होते. ‘शिक्षणाची गंगा दारोदारी नेणारे’ वगैरे वगैरे. एका भाषणाला तर चक्क टाळ्या पडल्या, शोकसभेत! शेवटी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं होतं. पण कुणालातरी धुळ्याला जायची घाई होती, माइकवाल्याने पुरतं एक मिनिटही होऊ दिलं नाही. सुनंदा कोपऱ्यात उभी होती. सगळे पांगले तरी उभीच होती. मग मीच तिला हाताला धरून बाहेर आणलं.

गेल्या आठवड्यात मी आठवी ‘ब’मध्ये फळ्यावर नद्या काढल्या. गोदावरी, भीमा, कृष्णा, मग तापी. विचारलं, ही उलटी का निघाली? खडू ठेवला, हात झटकले आणि खिडकीशी गेले. रुळांवरून एक मालगाडी गेली, तिचा आवाजही लांब गेला. मागे वर्ग शांत होता, खरंच शांत. मग बाक वाजला. कुणीतरी उठलं होतं. ‘बरोबर, बस’ अगदी तोंडात घेऊन मी वळले... मी गप्प झाले म्हणजे तास संपला असं समजून पोरं दप्तरं भरत होती.