बार्सिलोनातली गळती

आमच्या सेक्रेटरींना देवाने डोळे दिले ते फक्त ओल शोधण्यासाठी, याबद्दल आमच्या इमारतीत दुमत नाही. भिंतीवर इतरांना रंग दिसतो, त्यांना पोपडे दिसतात. जुईनगरच्या आमच्या सोसायटीचे ते इतकी वर्षं सेक्रेटरी होते की त्यांचं खरं नाव बहुधा पोस्टमनलाच ठाऊक असावं. लग्नाला गेले तर जेवणाच्या पंगतीतून उठून हॉलच्या गच्चीवरची टाकी पाहून येत. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा भेटायला आले, हात जोडून बसले आणि निघताना दारात थांबून हळूच म्हणाले, “वहिनी, प्रसंग दुःखाचा आहे, पण तुमचा नहाणी ट्रॅप एकदा उघडून बघायला हवा.” राग यायला हवा होता, पण दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबरला हाताला धरून तेच उभे होते, आणि दिवसकार्याच्या गर्दीत आमच्या घरी कुठे पाणी तुंबलं नाही. त्यांचं लग्न राहूनच गेलं. कोणी विचारलं तर म्हणत, “तेव्हा टँकरच्या मागे होतो.”

मग एका सर्वसाधारण सभेत तरुण मंडळींनी कमिटी हातात घेतली. वाईट कोणीच बोललं नाही. शाल, श्रीफळ, टाळ्या, सगळं रीतसर झालं. तक्रारी मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये जाऊ लागल्या, आणि ज्या दाराची बेल दूधवाल्याच्याही आधी वाजायची ते दार दिवसभर गप्प राहू लागलं. सेक्रेटरी गेटपाशी खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत, “पाणी नीट येतंय ना?” “येतंय काका,” म्हणत पोरं चालता चालताच पुढे जात. पाणी खरंच नीट येत होतं, हेच त्यांचं दुःख होतं. आम्ही दोघं युरोपच्या क्रूझला जायचं ठरवलं तेव्हा आमचे हे म्हणाले, “त्यांनाही चला म्हणू. नाहीतर हा माणूस एक दिवस टाकीत उतरून बसेल.”

आले. बोटीवर पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या केबिनचं छत बोटाने ठोकून पाहिलं. एवढी मोठी वस्तू चोवीस तास पाण्यात उभी आणि कुठे ओलीचा ठिपका नाही, याने ते अगदी खचले. जेवायच्या टेबलावर लोक फोटो दाखवत, नातवंडांचं सांगत. सेक्रेटरी पाव कुरतडत ऐकत बसत. कोणी “तुम्ही काय करता?” विचारलं की “करायचो,” एवढंच म्हणत.

बार्सिलोनाला बोट लागली त्या दिवशी आमच्या यांचा गुडघा सुजला, म्हणून हे केबिनमध्येच थांबले आणि मी सेक्रेटरींबरोबर उतरले. गाइडने जुनं भव्य कॅथेड्रल दाखवलं. सगळे माना वर करून नक्षी पाहत होते. सेक्रेटरींना आवडली ती छपराच्या कडेला तोंड वासून बसलेली दगडी जनावरं. पावसाचं पाणी त्यांच्या तोंडातून बाहेर पडतं हे कळल्यावर त्यांनी तिथूनच हात जोडले. मग गाइडने संध्याकाळपर्यंत मोकळीक दिली. आम्ही एका अरुंद गल्लीत शिरलो. वर गॅलऱ्यांतून कपडे वाळत होते. एकाएकी सेक्रेटरींच्या टकलावर थेंब पडला. त्यांनी वर पाहिलं, दुसरा थेंब तळहातावर घेतला, आणि कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता असा तजेला त्यांच्या चेहऱ्यावर आला.

“कपड्यांचं नाही वहिनी. लीकेज आहे.”

त्याच इमारतीच्या दारात एक म्हातारी बाई चाकांची पिशवी घेऊन उभी होती. लिफ्टवर कागद चिकटवला होता. सेक्रेटरींनी चष्मा वर करून तो परका मजकूर वाचल्यासारखा केला. “लिफ्ट बंद, गैरसोयीबद्दल दिलगीर. खाली सही नाही. जगभर हेच!” मी “अहो, अहो” म्हणेपर्यंत त्यांनी तिची पिशवी उचलली होती. बाई आधी बिचकली, मग माझ्याकडे पाहून हसली, आणि आम्ही तिघं धापा टाकत चौथ्या मजल्यावर पोचलो. घरात ती एकटीच. सिंकखालच्या पाइपाला फडकं बांधलेलं आणि त्याखाली भरत आलेली बादली. सेक्रेटरी गुडघ्यांवर बसले, फडकं सोडलं, नट जरासा फिरवला, आणि अख्खा पाइप त्यांच्या हातात आला.

पुढचं काही विचारू नका. पाणी भिंतीवर, पाणी माझ्या साडीवर, बाई टॉवेल घेऊन देवाचा धावा करतेय. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि खालच्या मजल्यावरचा लठ्ठ गृहस्थ गळ्यात जेवणाचा रुमाल तसाच ठेवून आत आला. त्याच्या ताटात आमचं पाणी पडलं असणार. तो हातवारे करून छताकडे, जमिनीकडे, आमच्याकडे बोट दाखवत ओरडू लागला. मी भीतीने भिंतीला चिकटले. सेक्रेटरी मात्र नखशिखांत भिजलेले, हातात पाइप, ताठ उभे राहून शांतपणे मराठीत म्हणत होते, “हो साहेब. बरोबर आहे तुमचं. बघतो मी. टेन्शन घेऊ नका.”

शेवटी नळ बंद केला तो त्या गृहस्थानेच. मग दोघं मिळून सिंकखाली शिरले. तो त्याच्या भाषेत बोलायचा, सेक्रेटरी मराठीत, आणि पाइप बसला. थेंबही गळेना. बाईने कॉफी केली. ती लिफ्टकडे, छताकडे हात करून बरंच काही सांगत राहिली. सेक्रेटरी “अगदी बरोबर” म्हणत मान हलवत राहिले. निघताना तिने त्यांचा हात धरला आणि एक शब्द प्रश्नासारखा विचारला. तो मला कळला, कारण बोटीवरचे वेटर रोज निरोप घेताना तोच म्हणत: “मन्याना?”

“काय म्हणतात?” सेक्रेटरींनी विचारलं.

“उद्या येणार का, विचारतात.”

आयुष्यभर साऱ्या इमारतीला देत आलेलं उत्तर सेक्रेटरींनी तिलाही दिलं. “बघतो,” म्हणाले. तिला शब्द कळला नसेल, पण ती समाधानाने हसली.

जिना उतरताना ते लहान मुलासारखे खूश होते. “काय ओरडला हो माणूस, वहिनी! आपल्याकडे हल्ली कोणी आवाज चढवतच नाही.” पण बोट सुटली तेव्हा मला ते डेकवर एकटेच कठड्याशी दिसले. शहराचे दिवे लागत होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

“उद्या आपण कुठे असू हो?” त्यांनी विचारलं.

“समुद्रातच. दिवसभर.”

“मी बघतो म्हणालो,” ते म्हणाले. “ती बाई उद्या दाराकडे कान लावून बसेल.”

आत जेवणाची घोषणा झाली, लोक हसतखिदळत गेले, डेक रिकामा झाला. सेक्रेटरी त्या असंख्य दिव्यांतून चौथा मजला शोधत होते. इतक्या दुरून तो कसला दिसतोय. पण मीही थोडा वेळ त्यांच्याबरोबर शोधला.