मोठी न होणारी सेरिन

प्यो गुमरानबाई कोरियातल्या जेचॉन शहरात, बहिणीच्या किम्बापच्या, म्हणजे भाताच्या गुंडाळ्यांच्या, दुकानामागे बसून शाळकरी प्रेमाची गोष्ट लिहीत. मोबाईलवर रोज एक भाग. गोष्टीतली सेरिन सतरा वर्षांची होती, आणि चार वर्षं झाली तरी सतराचीच होती. दोग्योम नावाचा तुसडा श्रीमंत पोरगा तिला टाकून बोलायचा, ती रडायची, तो पावसात छत्री घेऊन यायचा, ती विरघळायची. बाईंचं घर त्या छत्रीखाली चाललं होतं.

गोष्ट सुरू झाली तेव्हा बाईंची मुलगी बोराम सेरिनहून लहान होती. आता तिच्याएवढी झाली. एकदा जेवताना म्हणाली, "आई, मी आता वाचायचं सोडणारेय."

"का गं? जीव टाकायचीस की!"

"सेरिनला अक्कल कधी येणार? अन् तो दोग्योम! असला मुलगा मी घरी आणला तर काय करशील?"

"तंगडी मोडीन."

"त्याची?"

"तुझी. त्याची नंतर."

"मग त्या बिचारीच्याच गळ्यात का बांधतेस?"

बोराम त्यांची पहिली वाचक. तीच उठून गेली तर लिहायचं कुणासाठी?

दुसऱ्या दिवशीच्या भागात दोग्योम छत्री घेऊन आला. सेरिन म्हणाली, "राहू दे, भिजत जाईन मी," आणि खरंच गेली. कित्येक महिन्यांनी बाईंचा हात झरझर चालला होता. शाळेतून बोराम धावतच आली. "आई, उद्या काय होतं? सांग ना!"

तोवर मोबाईलवर वेगळंच पेटलं होतं. तिथल्या वाचकांची रीतच अशी की कथा कोरड्या घासासारखी घशात अडकली की खाली 'रताळं' लिहायचं, घोटासरशी मोकळी झाली की 'सोडा'. बाईंच्या भागाखाली रताळ्यांचा बाजार भरला होता. संपादिका मा मॅडमचा फोन आला.

"लेखिकाबाई, पदरचे पैसे देऊन रताळी कोण खाईल हो?"

"अहो, पोर मोठी होतेय जरा."

"होऊ दे की. गोष्ट संपल्यावर. उद्या सोडा पाहिजे, नाहीतर पहिल्या पानावरची जागा दुसऱ्याला जाईल."

बाईंना 'नाही' म्हणायचं होतं. पण जवळ होतं नव्हतं तेवढं धाडस सेरिनवर खर्च झालेलं. त्या 'बरं' म्हणाल्या.

पुढच्या भागात सेरिनला भिजल्यामुळे ताप आला. दोग्योम तांदळाची पेज घेऊन उशाशी बसला. तिनं त्याची माफी मागितली. हो, तिनंच. सोड्याचा नुसता पूर लोटला.

संध्याकाळी बोरामनं दुकानाच्या दारात उभ्या उभ्या भाग वाचला. बाई भांडणाच्या तयारीनं बसल्या होत्या.

"छान झालाय हं," ती म्हणाली. शेजारणीच्या लोणच्याला म्हणावं, तसं. मग दप्तर उचलून आत गेली.

बाईंनी पुढच्या भागाचा आकडा टाकला आणि दोग्योमला पुन्हा तुसडं करायला घेतलं.